निघण्याआधीचा सत्कार

सायकल विकत घ्यायला जाताना बायकोनं बासमती तांदळाच्या दोन गोण्या गाडीच्या डिकीत टाकल्या. त्या वसंतात आम्ही एकमेकांना फारसे प्रश्न विचारत नव्हतो.

व्हर्जिनियातल्या हर्नडन गावातून एक जुना रेल्वेमार्ग जायचा. रूळ केव्हाच उखडले गेले आणि तिथे सायकलवाट झाली. दुकान त्या वाटेच्या कडेला होतं. मालकाची पांढरी शेंडी पाठीपर्यंत पोचत होती आणि सायकल या विषयावर त्याच्याकडे तत्त्वज्ञान होतं. माणूस सायकल निवडत नाही, सायकल माणसाला निवडते, असं त्यानं आम्हाला दारातच सांगितलं. स्टीलला आत्मा असतो. ॲल्युमिनियमला नसतो. कार्बनबद्दल त्याचं मत अजून बनायचं होतं. मी पुण्यात वाढल्यामुळे दुकानदारांकडून शिकवणी घ्यायची मला सवय होती. हा हसून शिकवत होता, एवढाच फरक.

बायकोनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पार्किंगमध्ये चालवून बघू का?"

"अर्थात," तो म्हणाला. "तिच्याशी ओळख करून घ्या."

तिनं डिकीतून गोण्या काढल्या, सायकलच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना नायलॉनच्या दोरीनं बांधल्या आणि दोरी ओढून पाहिली. मालकाची शेंडी जराशी हलली.

"मॅडम, हे काय आहे?"

"लोड," ती म्हणाली.

ती एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. रिकामी गोष्ट चांगली चालते याचा काहीही अर्थ होत नाही, हे तिचं त्या धंद्यातलं एकमेव तत्त्वज्ञान होतं, आणि ते ती कुणाला सांगत बसत नसे. ती तांदळासकट पार्किंगमध्ये फिरली, स्पीडब्रेकरवरून गेली, गवतातून गेली, दुकानामागे पडलेल्या खडीच्या ढिगावरून गेली आणि उतारावर दोन्ही ब्रेक एकदम दाबून पाहिले. पहिली सायकल लाल, चकचकीत आणि मालकाची लाडकी होती. तांदूळ चढवल्यावर ती शेपूट हलवायला लागली. दुसरीचं हँडल थरथरत होतं. तिसरी राखाडी, स्टीलची, जाड टायरची, बघितल्यावर लगेच विसरावी अशी होती. ती सरळ गेली आणि सरळ परत आली.

"ही," बायको म्हणाली.

"रंग जरा..."

"रंगाचं काय करायचंय? तांदूळ हलला नाही."

तोवर मी दोन महिने इंटरनेटवर वाचत होतो. कोणत्या नळीचा कोन किती असला की चढाला काय होतं, यावर अनोळखी माणसं एकमेकांना शिव्या देत होती आणि मला दोन्ही बाजू पटत होत्या. शेवटी मी पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली एक सायकल नक्की केली होती. मालकानं माझ्या अभ्यासाचं कौतुक केलं. बायको त्या सायकलभोवती एक चक्कर मारून आली.

"ह्याला कॅरिअर कुठं लावशील?"

कॅरिअर लावायला जागाच नव्हती. दोन महिन्यांच्या वाचनात ही गोष्ट कुणी लिहिली नव्हती, किंवा लिहिली असेल आणि मला ती किरकोळ वाटली असेल.

"सामान डोक्यावर घेईन."

"तिथं कुठं जागा आहे यार तुझ्या? पुस्तकं भरून ठेवली आहेत."

मीही राखाडीच घेतली, तिच्यापेक्षा एक माप मोठी. मालक दोन्ही सायकली शेजारी उभ्या करून म्हणाला, "वा! जोडी!" आम्ही दोघांनी तांदळाकडे पाहिलं.

आता सांगायला हवं ते असं, की फेब्रुवारीत ती मला सोडून जाणार असल्याचं सांगून झालं होतं. आम्ही स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होतो. देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. व्हिसा त्या कंपनीकडे बदलून घेता येणार होता. मी म्हणालो, मीही तिकडे शोधतो. ती म्हणाली, "नको. मी एकटी चाललेय." मग बराच वेळ कोथिंबीर निवडली. नंतर ती म्हणाली, "आपण रूममेट म्हणून चांगले आहोत रे. खरंच चांगले आहोत. पण मला रूममेट नकोय."

मध्ये कुणी तिसरं नव्हतं. भांडण नव्हतं. कुणाचं काही चुकलं असतं तर ते दुरुस्त करता आलं असतं. प्रोग्रॅममधल्या चुका दुरुस्त करणं हा माझा तर पोटापाण्याचा धंदाच. चूक सापडत नसताना गोष्ट बंद पडते तेव्हा काय करतात, ते मला येत नव्हतं. अजून येत नाही.

नोकरी ऑक्टोबरात सुरू होणार होती. आणि सप्टेंबरात एक आठवडा सायकलनं डोंगरात जायचं, हे आदल्या वर्षीच ठरलं होतं. आधी कालव्याकाठची मातीची वाट, पुढे खडीचा जुना रेल्वेमार्ग, मग वेस्ट व्हर्जिनियाच्या जंगलातले चढ, मध्ये दगडगोट्यांची एक पायवाट, आणि येताना छोटे डांबरी रस्ते. सामान सायकलवर, झोप तंबूत. आता याला एक ऐटदार नाव आहे आणि त्यासाठी वेगळे कपडे मिळतात. तेव्हा नाव नव्हतं, त्यामुळे लोकांना सांगताना वेळ लागायचा.

मी गृहीत धरलं की ते आता रद्द.

"ट्रिप करू," ती म्हणाली. "ठरलेली आहे. मलापण करायचीय. मग मी जाईन."

मी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि त्यावर पाच-सहा महिने काढले. डोंगरात, दमल्यावर, एका तंबूत माणसाचं मन बदलू शकतं असं मला वाटत होतं. याला आधार होता तो कादंबऱ्यांचा. नवरा-बायको खडतर प्रवासाला निघतात तेव्हा लेखक त्यांना उगाच पाठवत नाही, एवढं मी वाचलेलं होतं. ती आली पाहिजे, आठवडाभर माझ्याबरोबर चढ चढली पाहिजे, मग पुढचं बघू. या एका गोष्टीवर मी सगळं लावून बसलो होतो. तिला हे माहीत होतं का, मला सांगता येणार नाही. तिनं ते कधी टेस्ट केलं नाही.

घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. दर रविवारी पुण्याला एक आणि नागपूरला एक फोन व्हायचा आणि आम्ही आळीपाळीनं रिसीव्हर घ्यायचो. "जावई बापू काय म्हणतात?" सासरे विचारायचे. जावई बापू म्हणायचे, सगळं ठीक.

तयारी मात्र आम्ही अशी केली की बघणाऱ्याला हेवा वाटावा. सायकलच्या दांड्यांमधल्या त्रिकोणात बसणाऱ्या पिशव्या तेव्हा कुठल्या दुकानात टांगलेल्या नसत. तिनं एका जुन्या तंबूचं कापड आणून शिवणयंत्रावर दोन पिशव्या शिवल्या. माझी आधी झाली. मला भरून आलं. मी तसं काहीतरी म्हणालोही.

"अरे, चुका काढायला तुझी आधी घेतली," ती म्हणाली. "माझी बघ किती सरळ आलीय."

ती गॅलरीत बसून स्पिरिटचा छोटा स्टोव्ह पेटवायची आणि घड्याळ लावून पाणी कधी उकळतं ते बघायची. पोहे आधी परतून, त्यात फोडणी, शेंगदाणे, लिंबाऐवजी आमचूर घालून पिशव्या भरायच्या. डोंगरात फक्त गरम पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. पहिल्या खेपेला ते पोहे लापशीसारखे झाले. दुसऱ्या खेपेला कडक राहिले. तिसऱ्या खेपेला आम्ही गॅलरीत मांडी घालून समोरासमोर बसून ते सगळे खाल्ले आणि ती म्हणाली, "मीठ कमी. घाम जाईल तर जास्त लागेल."

नवऱ्याला सोडायला निघालेली बाई त्याला घाम आल्यावर मीठ किती लागेल याचा विचार करत नाही, असं मी स्वतःला समजावलं. हा माझा त्या काळातला विचार करण्याचा नमुना. ती हातात घेतलेलं काम पुरं करणारी बाई होती, एवढाच त्याचा अर्थ होता. पण तो अर्थ मला तेव्हा परवडत नव्हता.

मी पंक्चर काढायला शिकलो. चेन तुटली तर जोडायला शिकलो. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे एक पेडल खराब करून शिकलो. पूर्वी गाडीचं तेल बदलायलाही मी माणूस बघायचो. आता जेवणाच्या टेबलावर मागच्या गिअरचे भाग पसरून बसायचो आणि ती ताटं घेऊन सोफ्यावर जायची. "लग्नाच्या वेळी एवढा कामाचा असतास तर!" एकदा ती जाता जाता म्हणाली. तिनं ते थट्टेत म्हटलं, आणि मग टीव्हीचा आवाज वाढवला.

जुलैमध्ये आम्ही सराव म्हणून एका शनिवार-रविवारी सगळं सामान बांधून निघालो. गाडी डोंगराच्या पायथ्याशी ठेवली आणि जंगलातला खडीचा रस्ता धरला. चढ असा होता, की सर्वांत लहान गिअर टाकूनही शेजारून फुलपाखरू पुढे जात होतं. एका वळणावर ती उतरली आणि सायकल ढकलायला लागली. मी पुढे होतो. मीही उतरलो.

"तू काहून उतरला? चालव ना."

"तू ढकलतेयस ना."

"मी दमली म्हणून ढकलून राहिली. तू उगाच कशाला माझ्यासाठी ढकलतो?"

दम लागला की तिचं नागपूर बाहेर यायचं. घरात ते हल्ली बंद झालं होतं. मी ते ऐकायला म्हणूनही ढकलत राहिलो असतो.

वरती पोचलो तर समोर निळ्या डोंगरांच्या एकामागे एक रांगा. आम्ही सायकली गवतात आडव्या टाकल्या, पोहे केले. मीठ बरोबर झालं होतं. ती बूट काढून पाय लांब करून बसली होती आणि तिच्या कपाळावर चेनचं काळं तेल लागलं होतं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "इथं बरं वाटतंय यार. घरी काही केल्या नाही वाटत."

मी त्यातलंही पहिलंच वाक्य घेतलं.

दुसऱ्या दिवशी उतरताना ती पुढे होती. तिची राखाडी सायकल खडीतून सरळ चालली होती आणि ती वळणावर मागे न बघता हात वर करून मला सांगत होती, सावकाश, इथे दगड आहेत. त्या रविवारी मी सुखी होतो हे मला लिहून ठेवायला हवं, कारण त्यानंतर ते कुणाला पटण्यासारखं राहिलं नाही.

परतताना सायकली गाडीच्या मागे टांगलेल्या होत्या आणि आम्ही भाजी घ्यायला देशी दुकानापाशी थांबलो. तिथे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष भेटले. काका तिसेक वर्षांपूर्वी या देशात आले होते, निवृत्तीला टेकले होते आणि त्यांना सत्काराचं व्यसन होतं. भारतातून येताना ते शाली घाऊक भावानं आणत. नाटकातल्या नटाचा सत्कार, माइक आणून देणाऱ्याचा सत्कार, आदल्या वर्षीच्या सत्कार समितीचा सत्कार. त्यांच्या हातून मंडळात एकही खांदा सुटलेला नव्हता. आमचे चार तेवढे शिल्लक होते.

"सायकली घेऊन कुठे?" काकांनी विचारलं.

बायकोला थाप मारता येत नसे. तिनं सगळा बेत सांगितला. म्हणजे सायकलचा.

"अरे, मग सत्कार व्हायला हवा!"

"काका, अजून आम्ही गेलोच नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच! आल्यावर कोण विचारतं?"

"नको हो काका," बायको म्हणाली. "एका आठवड्याची तर ट्रिप आहे."

"आठवडा असो की महिना. जोडीनं निघालात, हे महत्त्वाचं. आजकालच्या मुलांना दिसू दे." मग माझ्याकडे वळून, "का रे, तुला काही अडचण?"

अडचण होती. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि काकूंची बहीण पुण्यात माझ्या आईच्या भजनी मंडळात होती. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणालो, "नाही, अडचण कसली."

श्रावणातल्या कार्यक्रमासाठी मंडळानं एका शाळेचं उपाहारगृह भाड्यानं घेतलं होतं. भिंतीवर रोज पाच भाज्या खाण्याबद्दल चित्रं होती. त्याखाली पाट, समई, आणि एका टेबलावर शाली. व्हर्जिनियाच्या ऑगस्टमध्ये लोकरीची शाल अंगावर घेणं हा सन्मान की कसोटी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. काका माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, की सह्याद्रीच्या कुशीतून निघालेलं हे दांपत्य आता इथले पर्वत पादाक्रांत करणार आहे. सायकलनं पादाक्रांत कसं करतात, आणि नागपूरच्या माणसाला सह्याद्रीची कूस नेमकी कुठे लागते, असे दोन प्रश्न मला पडले. मी बायकोकडे पाहिलं. एरवी अशा वेळी तिच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित हलायचा आणि माझं सगळं भाषण सहन होऊन जायचं. ती समोर बघत होती.

काकांनी दोघांना शाली घातल्या. मला नारळ दिला. टाळ्या झाल्या. इथवर ठीक होतं. इथवर मला हसू येत होतं.

मग काकू पुढे आल्या. त्यांनी हिरवा खण आणला होता, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणली होती. काकू सत्कारातल्या नव्हत्या. त्यांना माइक लागत नसे. त्यांनी बायकोला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली आणि तिच्या गालावरून हात फिरवून हळू आवाजात म्हणाल्या, "जोडीनं जा, जोडीनं या. सांभाळून गं. तिकडे जंगलात त्याचा हात सोडू नको." बायको वाकून त्यांच्या पाया पडली. ती उठायला थोडा उशीर लावतेय, असं मला वाटलं.

"उखाणा! उखाणा!" बायकांच्या बाजूनं आरडाओरडा सुरू झाला.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"असं कसं? सायकल येते आणि उखाणा येत नाही?"

समोर टेबलावर केक होता. त्यावर साखरेची एकच सायकल काढली होती, दोन सीटची. बायकोनं केककडे पाहिलं, माइक हातात घेतला आणि म्हणाली,

"चढाला हवा दम, उताराला हवा ब्रेक,"

आणि मग माझं नाव. पूर्ण नाव, सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारून.

"...चं नाव घेते, आता कापा केक."

हास्याचा स्फोट झाला. काका टाळ्या वाजवत माइकपाशी आले आणि त्यांनी जाहीर केलं, की परतल्यावर दिवाळीच्या कार्यक्रमात हे दोघं मिळून आपल्याला प्रवासाचे फोटो दाखवतील. मी हसत होतो. घरात ती मला "अरे" म्हणायची. माझं नाव तिच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि इतक्या नीट तर लग्नातही नाही. पाहुण्याचं नाव घ्यावं तसं तिनं ते घेतलं होतं. मला ते तेव्हाच कळलं असावं. मी केक खाल्ला.

पार्किंगमध्ये गाडी उन्हानं तापली होती. ती ओटी मांडीवर घेऊन बसली. मी एसी लावला. गाडी सुरू झाली, पण तिनं पट्टा लावला नाही.

"मी नाही येणार ट्रिपला," ती म्हणाली.

"त्यांच्यामुळे? अगं, ते काका भिंतीवरच्या घड्याळाचाही सत्कार करतील."

"काकांचं नाही रे."

"मग?"

"काकूंनी मनापासून भरली ओटी. आणि मी बसले तिथे पाटावर, घेतली." तिनं खणाची घडी उलगडली आणि पुन्हा तशीच घातली. "आता मी तुझ्याबरोबर जाऊन आले, की आपण जोडीनं गेलो आणि जोडीनं आलो. मग दिवाळीत तिकडून येऊन इथे फोटो दाखवायचे. त्यानंतर कधी सांगायचं? नाताळात?"

"फोटोंचं कॅन्सल करू. काकांना मी सांगतो."

"आणि हे?" ती ओटीकडे बोट दाखवून म्हणाली. "हे कसं कॅन्सल करशील?"

मी एसी एक घर वाढवला. आयुष्यात उत्तरं सुचण्याचेच पैसे मिळवत आलो होतो.

"ट्रिप आपली आहे," मी म्हणालो. "त्यांची नाही."

"आपली होती. निरोपाची म्हणून मला करायची होती. नीट, शांतपणे. मला वाटलं होतं तुलापण तशीच करायचीय." मग तिनं माझ्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी सरळ पाहिलं. "तुला तशी नव्हती करायची. हो ना?"

पलीकडच्या गाडीत कुणीतरी पातेली भरत होतं आणि त्यांचा मुलगा इंग्रजीत सांगत होता, की मला त्या गोड वासाच्या शेजारी बसायचं नाही.

"वेड्या," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती त्या सबंध वर्षात तेवढीच रडली. मी गिअर टाकला, कारण गाडीत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

नव्या कंपनीला तिनं लवकर येते म्हणून कळवलं. त्यांना आनंद झाला. सायकल ती नेणार होती. मी शेंडीवाल्या मालकाकडून सायकलचं रिकामं खोकं आणायला गेलो. त्याला ट्रिपची आठवण होती. "झाला का प्रवास?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, तिचा व्हायचाय. त्यानं खोकं फुकट दिलं आणि आत्म्याबद्दल काही बोलला नाही, याचं मला बरं वाटलं.

सायकल आम्ही दोघांनी मिळून भरली. मी पेडलं काढली, पुढचं चाक काढलं, हँडल फिरवून आडवं केलं. ती नळ्यांना फेसाचं कापड गुंडाळत होती आणि मी हात पुढे केला की न मागता त्यात पाना ठेवत होती. कुठला पाना, ते तिला सांगावं लागत नव्हतं. सुटे स्क्रू तिनं पोह्यांच्या रिकाम्या पिशवीत घालून फ्रेमला बांधले. खोकं हलवून पाहिलं. आतून आवाज आला नाही. आमच्या सात वर्षांच्या संसारात इतकं बिनचूक काम आम्ही दुसरं केलं असेल, तर मला आठवत नाही.

डलस विमानतळावर तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "जेवत जा नीट." रूममेट म्हणतात तसं.

सप्टेंबरात मी सुट्टी परत केली. तयार पोहे ऑफिसात डब्यातून नेऊन संपवले. ऑफिसात घाम येत नसल्यामुळे ते खारट लागायचे. दिवाळीच्या आधी एका रविवारी मी दोन्ही शाली घेऊन काकांच्या घरी गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं भाषण होईल. काकांनी दारातल्या चपला पायानं सरळ केल्या.

"शाली राहू दे रे," ते म्हणाले. "परत नाही घेता येत."

"पण काका, आम्ही गेलोच नाही."

"अरे, राहू दे म्हणतो ना." त्यांचा आवाज चिडका झाला होता. "चहा घेशील?"

आतून काकू बाहेर आल्या. त्यांनी दारामागून सगळं ऐकलं असणार. फक्त म्हणाल्या, "तिला तिकडे आपली भाजी-बिजी मिळते का रे?" मी म्हणालो, मिळते. "बरं," त्या म्हणाल्या, आणि चहात साखर जास्त पडली.

त्यानंतर एका शनिवारी दुपारी फोन वाजला. सनीव्हेलला सकाळ होती.

"अरे, बोलतोयस का? खोकं उघडलंय. हँडल तिरकं बसतंय."

एवढे दिवस ते खोकं तिच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून होतं, असं तिनं सांगितलं. मी तिला वरचा बोल्ट सैल करायला सांगितला, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरायला सांगितलं, मग हँडल फिरवून बघायला सांगितलं.

"झालं. पेडलं लावते. डावं उलटं, माहीतेय, सांगू नको."

"नाही सांगत."

"ब्रेकची तार?"

"तो छोटा खटका दाब. हां. आता हँडलवरचा ब्रेक ओढून बघ."

"लागतोय." ती धापा टाकत होती. मागे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. तिच्या पार्किंगमध्ये ऊन असावं. "ऐक, एक चक्कर मारून बघते. फोन खाली ठेवते. कट करू नको."

फोन सिमेंटवर टेकल्याचा आवाज आला. मग तिच्या बुटांचा. मग काही क्षण काही नाही, आणि मग मागच्या चाकाची ती बारीक टिकटिक, पेडल मारायचं थांबवलं की येते ती. ती दूर गेली. इतकी दूर, की मी दुसऱ्या कानावर हात ठेवला. मला नुसता वारा ऐकू येत होता. मग ती पुन्हा जवळ यायला लागली, स्पष्ट झाली, फोनच्या अगदी शेजारी आली, आणि न थांबता पुढे गेली.

तिनं सांगितलं होतं म्हणून मी फोन कट केला नाही.